आठ बाजूंनी मास्तर

तोंगनं कॉम्प्युटरची वायर उपटली आणि पायानंच टेबलाखाली सरकवली. लाइट गेलीय, असं त्यानं आतूनच ओरडून सांगितलं. पण डोक्यावर पंखा गरगर फिरत होता, आणि पुढच्या दुकानातून बहीण थिप ओरडली,

"पंख्याला वेगळी लाइट येते का रे, शहाण्या? मास्तर आलेत. खुर्ची दे त्यांना."

प्रयोंग मास्तर दारात उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस. इथं पेच्चबुरीत मुखवट्याच्या नाचात चाळीस वर्षं राक्षस नाचलेला माणूस. सत्तरी गाठली तरी नजरेत तोच दरारा.

"चौथ्यांदा येतोय," मास्तर म्हणाले. "कधी तू आजारी, कधी तुझं मशीन आजारी. माझा राक्षस दाखवणार आहेस की मी मेल्यावर फोटोला दाखवणार?"

तोंगनं गपचूप वायर परत खोचली. करतो काय.

झालं होतं ते असं. तोंग जुन्या धाटणीचे गेम बनवायचा. हातात बंदूक, समोर चौकोनी ठिपक्यांची चित्रं, आणि सुसाट पळायचं. त्यातला राक्षस साधा चित्रातला. पण खेळणारा त्याच्याभोवती फिरला तर पाठ दिसायला हवी, कूस दिसायला हवी. म्हणून माणूस चालवायचा आणि पावलापावलाला आठ बाजूंनी फोटो काढायचे. राक्षसाची चाल म्हटल्यावर तोंगला मास्तरांशिवाय दुसरं कोण आठवणार? फक्त मास्तरांना त्याच्या वर्षभर आधी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता.

फोटोच्या दिवशी मास्तर चालले. डावा पाय उचलायचाच नाही, जमिनीवरून ओढत यायचा. मनगट आत वळलेलं. आणि छाती मात्र राजासारखी पुढं काढलेली. तोंगच्या अंगावर सर्रकन काटा आला. असली भीती त्याला शंभर चित्रं काढून जमली नव्हती.

मुखवटा घातला की नाचणाऱ्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. पडद्याआड उभा असलेला माणूस सांगेल ते खरं. तसं त्या दिवशी मास्तरांनी घाम पुसत विचारलं होतं, "कशी?"

"एक नंबर," तोंग म्हणाला होता. "पहिल्यासारखी."

त्या शब्दावर विसंबून मास्तरांनी देवळाच्या जत्रेत नाचायचं कबूल केलं होतं. देवळाच्या मंडळींनी मोठ्या आदरानं विचारलं, मास्तरांनी हो म्हटलं. जत्रा आता अठरा दिवसांवर आली होती.

पडद्यावर गेम सुरू झाला. पांढरी मिठागरं, आणि वर आभाळाला उभी चीर.

"ही आपली बान लेमची मिठागरं ना?" मास्तर पुढं वाकले. "आणि आभाळाला काय झालं?"

"फाटलंय. त्याच्या पलीकडून तुम्ही आलात."

"आणि देव काय करतायत?"

"यात देव नाहीत, मास्तर. तुम्हीच आहात. तुम्हाला कुणाचा राग पण नाही. तुम्हाला माणूस दिसतच नाही. मुंगीएवढा पण नाही."

"अरे वा!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "चाळीस वर्षं मार खाल्ला मी वानरांचा. असलं काम एकानं दिलं नाही."

तेवढ्यात लांब, मिठाच्या ढिगामागून राक्षसाचं ते ध्यान निघालं. तोंगनं दिसल्या दिसल्या गोळ्या झाडल्या. ते पडलं.

"मारतोस काय लगेच? येऊ दे की जवळ!"

दुसरं निघालं. तोंगनं तेही लांबूनच पाडलं. मास्तरांनी त्याचा हात माउसवरून उचलून बाजूला ठेवला. अगदी हळू, पण ठामपणे.

"बंदूक नको. नुसतं बघू दे."

तिसरं चालत आलं. छाती पुढं. मनगट आत. मास्तर हसत होते. मग हसू तसंच राहिलं, पण डोळे खाली गेले, पायांकडं.

थिप दुकानातल्या मो-केंगच्या गोड वड्यांची बशी घेऊन आली. पडद्याकडं तिची नजर गेली.

"आई गं! बंद कर रे ते. पाय घासत येतं ना मेलं, तेच बघवत नाही मला. खेळलेली सगळी पोरं म्हणतात, बाकी काही नाही, त्या पायानंच—"

ती थांबली. बशी टेबलावर ठेवली आणि मास्तरांकडं न बघता दुकानात परत गेली.

"हे तुझ्या मशीननं केलं ना?" मास्तरांनी विचारलं. "भीती वाटावी म्हणून?"

हो म्हटलं की सुटला असता. मास्तर खुशीत घरी गेले असते, आणि अठरा दिवसांनी सगळ्या गावासमोर रंगमंचावर चढले असते.

"नाही मास्तर. एक फोटो पण बदलला नाही."

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"विचारलं होतं ना मी?"

"विचारलं होतं. मला फोटो हवे होते. खरं सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा चालला नसता."

मास्तरांनी स्वतः माउस धरला. उजव्या हातानं, नवख्यासारखा, धडपडत. राक्षसाला मारलं नाही. त्याच्याभोवती फेरी घातली, सावकाश, आठही बाजूंनी. राक्षसानं दोनदा त्यांनाच मारलं. मास्तरांनी पुन्हा सुरू करायला सांगितलं.

"पाठ अजून चांगली आहे," शेवटी ते म्हणाले.

मग एक वडी खाल्ली, पाणी प्यायले, खुर्चीचा हात धरून उठले. "चल, घरापर्यंत ये."

तोंग सवयीनं आधार द्यायला त्यांच्या डाव्या बाजूला गेला.

"इथं नको. तू पुढं हो."

"मास्तर, मी—"

"पुढं हो म्हटलं ना, गाढवा. मी येतो मागनं."

तोंग रस्त्यावर उतरला. दुपारचं ऊन रणरणत होतं, गल्लीत कुणी नव्हतं. तो एक एक पाऊल मोजून टाकायला लागला.

"वरातीत चाललायस का?" मागून आवाज आला. "तुझ्या चालीनं चाल."

तोंग त्याच्या चालीनं चालायला लागला. मागचा पाय घासल्याचा आवाज हळूहळू लांब राहिला. वळणावर मान जराशी फिरवली असती तरी मास्तर चालताना दिसले असते. तो समोर बघत वळला.