ताईच्या खोलीतला दुसरा पलंग

ताईच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र लहानसंच होतं. "नव्या जहाजाचे सगळे पडदे माझ्या कारखान्यात शिवले. म्हणून त्याच्या पहिल्या सफरीला मला दोन जागा मिळाल्यात. दुसरी तुझी. येतोस की नाही, कळव."

कळवायला मी रोज बसायचो. पण जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. स्वतःचं वाक्य हातून सुटेल तर शपथ. 'येतो' लिहिलं की वाटायचं, बोट लागली तर? 'येत नाही' लिहायला जावं, तर पेन पुढे सरकायचं नाही.

"बाबा, आत्याला मी फोन करून 'नाही' म्हणून सांगतो," मुलगा म्हणाला.

"नको. मीच कळवीन." धाडस तेवढ्यावरच संपलं.

जहाज निघायच्या दिवशी ताईला निरोप द्यायला म्हणून मुलानं मला धक्क्यावर नेलं. भोंगा होईपर्यंत नातेवाइकांना वर जाऊन जहाज बघायची मुभा होती. तो सुनेबरोबर गाडीपाशीच थांबला. "भोंगा वाजला की लगेच खाली या. आणि कठड्याला टेकू नका."

वर ताजा रंग दरवळत होता. जिन्याच्या कठड्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. ताई दारातच उभी होती.

"आलास का रे बाळ्या? चल."

दिसेल त्या पडद्याची किनार उलटून बघत ती पुढे आणि मी मागे. "बघ, एक टाका तरी वाकडा आहे का?" जेवणघरात एक गृहस्थ पडद्याला हात पुसत होते. ताई त्यांच्यासमोर जाऊन नुसती उभी राहिली. त्यांनी हात खिशात घातले.

तिच्या खोलीत दोन पलंग होते. दुसऱ्याच्या उशीवर माझ्या नावाची चिठ्ठी.

"ही जागा रद्द नाही केलीस?"

"तू 'नाही' कधी म्हणालास? मग रद्द कशी करू?"

"ताई, मी निरोप द्यायला आलोय."

"मग दे की." ती पलंगावर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी चिठ्ठी उचलून माझ्या नावाचं शुद्धलेखन तपासलं.

तेवढ्यात भोंगा वाजला. पाठोपाठ खिशातला फोन.

"बाबा, उतरताय ना?"

"नाही," मी म्हणालो. आवाज माझाच होता का, मला आजही शंका आहे.

"नाही म्हणजे? कपडे? गोळ्या?"

"गोळ्या खिशात आहेत. ओळखपत्रही आहे." कुठे चक्कर आली तर, कुणी 'तुम्ही कोण' विचारलं तर, या धास्तीनं या दोन्ही गोष्टी घेतल्याशिवाय मी वाचनालयातही जात नाही.

"या वयात हा हट्ट?"

"मग कोणत्या वयात करू? आधीच्या एकाही वयात जमला नाही."

पलीकडचा आवाज जरा मवाळ झाला. "ही म्हणतेय, निदान स्वेटर तरी..."

ताईनं फोन काढून घेतला. "अरे, पडदा काढून पांघरवीन त्याला! ठेव आता."

प्रवाशांची नोंद करणाऱ्या मुलीनं माझं ओळखपत्र पाहिलं, मग मला. "आजोबा, सामान?"

मी पिशवी दाखवली. आत चष्मा आणि एक पुस्तक.

"एवढंच?"

"पुस्तक जाडं आहे."

जहाज हललं. धक्क्यावर मुलगा आधी दोन्ही हातांनी 'हे काय?' असं विचारत होता. मग एकाच हातानं टाटा करू लागला. बोट लागते की काय, अशी भीती होती. पण कठड्याला मी टेकलो. चांगला रेलून टेकलो.

वाचनाच्या खोलीत पहिल्या सफरीची आठवण म्हणून एक टपालपेटी ठेवली होती. शेजारी कागद, पाकिटं. मी बसलो आणि लिहिलं, "ताई, तुझं पत्र मिळालं. येतो." पाकिटावर तिच्या घरचा पत्ता घातला.

"अरे, मी ही काय समोर बसलेय," ताई म्हणाली.

"विचारलंस पत्रानं. उत्तरही पत्रानंच जाईल."

परत वाचून बघावंसं फार वाटत होतं. वाचलं नाही. पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.