रविवारी फोन एंगेज

“हॅलो, हॅलो! वैजनाथराव, जिथं असाल तिथून बूथवर या. परभणीहून तुमच्या साडूचा फोन हाय. जरा वेळानं परत लावणार हायत. आवाजावरून रागात वाटून राहिले, तवा तयारीनं या. हॅलो!”

भोंग्याचं बटण बंद करून आमचे हे माझ्याकडे बघून हसले. मी पिको मशीनवर साडीचा काठ धरला होता. म्हटलं, “लोकाचे साडू रागात हायत का खुशीत, ते गावाला कशापायी सांगता?”

“गावालाच तर सांगायचं असतंय,” हे म्हणाले. “भोंगा काय मंग कानात सांगायला घेतला?”

असा माणूस. संतराम खंदारे, डोंगरकड्याच्या एसटीडी बूथचे मालक. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेला, म्हणून अपंगांच्या कोट्यातून बूथ मिळाला. पाय गेला, पण आवाज असा दिला निसर्गानं की भोंगा नसता तरी चाललं असतं. हिंगोलीत तेव्हा लोक मोबाईल खिशात घालून फिरायला लागले होते, पण आमच्याकडं रेंज नव्हती. पुण्याला, मुंबईला, कंपनीत, मिलिटरीत गेलेल्या प्रत्येक पोरानं आपल्या घरचा नंबर म्हणून आमच्या बूथचा नंबर दिलेला. फोन आला की हे भोंग्यावरून नाव पुकारायचे, आणि माणूस हातातलं काम टाकून पळत यायचं. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न मोडलं, सगळं आधी ह्यांच्या कानावर. मीही काही कमी नाही. माझ्या नाकावर राग असतो हे अख्खं गाव जाणतं. पण ह्या माणसाचा मला अभिमान होता, तो मी कधी लपवला नाही.

मग बूथवर कॉम्प्युटर आला.

बारावीचे निकाल इंटरनेटवर लागतात, पोरांना नांदेडला जावं लागतं, आपल्याच गावात सोय करू, असा ह्यांचा विचार. विचार चांगलाच होता. कॉम्प्युटर बसवून द्यायला नांदेडहून एक जण आला. फोनची तारच कॉम्प्युटरशेजारच्या एका छोट्या डब्याला लावून दिली आणि बजावून गेला की इंटरनेट चालू असेपर्यंत फोन लागणार नाही आणि तार काढली की इंटरनेट खलास. निकाल उघडायला इतका वेळ लागायचा की पोरं दारात बसून पेंगायची. तेवढ्या वेळात ह्यांना कुठून तरी तो खेळ सापडला.

खेळ म्हणजे काय, तर रंगीत खडे. पडदाभर लाल, हिरवे, पिवळे, निळे खडे. शेजारचे दोन खडे अदलाबदल करायचे, एका रंगाचे तीन एका रांगेत आले की टिंग करून गायब. वरून नवे खडे पडतात. एक पातळी झाली की दुसरी, तिच्यात खडे जास्त बेरकी. मी पण खेळून पाहिलं, खोटं कशाला सांगू. मजा येते. पण भाकरी करपायची वेळ आली की मी उठते. हे उठत नव्हते.

“अवो, जेवायला चला.”

“हा एक डाव होऊ दे.”

तो एक डाव कधी होत नसे. निकालाचे दिवस संपले, पोरं यायची बंद झाली, पण इंटरनेट चालूच. खेळ इंटरनेटवर सापडला, म्हणजे तो इंटरनेटवरच चालणार, असं ह्यांचं गणित आणि माझंही तेच. लोक कुरकुर करायला लागले. “संतराम, माझा जावई सकाळपासून लावून राहिला, तुमचा नंबर एंगेज!” हे म्हणायचे, “लाइनीची तकलीफ हाय.” मी आत मशीन चालवत दात-ओठ खायची. चारचौघांत नवऱ्याला बोलायचं नाही, एवढी शिस्त मी पाळत होते. उगाच पाळली.

दिवाळी होऊन गेली होती. रविवार होता. रूपाबाई राठोड तांड्यावरून चालत आली. तिचा पोरगा मोहनसिंग मिलिटरीत. दर रविवारी सकाळी त्याच्या छावणीत फोनची रांग लागायची आणि त्याचा नंबर आला की आमच्याकडे फोन. रूपाबाई आधीच येऊन पायरीवर बसलेली असायची. तिच्यासाठी भोंगा कधी लावावाच लागला नाही.

त्या दिवशी तिचा चेहरा काही वेगळाच होता. पायरीवर बसायच्या आधीच म्हणाली, “सरिताबाई, मोहनला लेक झाली! सून मोकळी झाली परवा. दोघी बराबर हायत.”

“अगं बाई! कळवलं का त्याला?”

“आता सांगणार ना. आज शेवटचा फोन हाय त्याचा. दुपारी गाडी निघती, वर बर्फात ठाणं हाय. पार उन्हाळ्यापर्यंत खाली येत न्हाई म्हणला.” आणि लाजल्यासारखी हसली. “रस्त्यानं म्हणतच आले, आधी काय बोलू, मंग काय बोलू. आधी पोरगीच सांगते. कसा हसतो बघू.”

मी तिला साखर दिली तोंडात घालायला. हे पण म्हणाले, “मावशी, पेढे लागतेत बरं!” मला त्या दिवशी विहारात वंदनेला जायचं होतं, बायकांची बैठकही होती. जाताना म्हटलं, “फोन मोकळा ठेवा.”

“मला कळत न्हाई व्हय?”

मी परत आले तेव्हा रूपाबाई पायरीवरच होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

“आला का फोन?”

“न्हाई आला अजून.”

मी आत पाहिलं. ह्यांची पाठ दाराकडे. टिंग, टिंग. आणि त्या डब्यावरचे दिवे लुकलुकत होते. फोनची तार डब्यात.

मला काय झालं ते सांगते. ओरडले नाही. सरळ गेले आणि डब्यातली तार उपटली. म्हटलं, जाऊ दे मसणात तो खेळ. दिवे विझले. हे दचकून वळले. आणि मागं पडद्यावर वरून नवे खडे पडले. टिंग.

खेळ चालूच होता.

ह्यांनी माझ्या हातातल्या तारेकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग हात पुढं करून दोन खडे बदलले. तीन निळे गायब झाले. तारेशिवाय. एकदा खेळ उघडला की त्याला लाइन लागतच नव्हती. इतके महिने गावाचा फोन आम्ही फुकट अडवून ठेवला होता. ह्यांचं तोंड पांढरं पडलं. मला त्यांची दया आली आणि तितकाच संतापही.

तार फोनला लावली. आम्ही तिघं बसलो. फोन वाजला नाही. उन्हं पायरीवरून सरकून भिंतीला लागली तरी वाजला नाही. रूपाबाई म्हणाली, “निघाली आसंल त्याची गाडी.”

“तिकडूनच लाइन मिळाली नसंल, मावशी,” हे म्हणाले. “डोंगराचा मुलूख...”

मी हातातली कात्री मशीनवर आपटली. हे माझ्याकडे बघत राहिले. मग काठी घेऊन उठले, भोंग्याजवळ गेले, बटण दाबलं.

“हॅलो. मी संतराम खंदारे बोलून राहिलो. समद्यांनी ऐका. आज सकाळी मोहनसिंग राठोडचा फोन येणार होता. तो आला न्हाई. लाइनीची तकलीफ नव्हती. मी कॉम्प्युटरवर खेळत होतो. आतापर्यंत तुमचे जे फोन लागले न्हाईत, ते बी माझ्याच खेळापायी. लाइनीची तकलीफ कधीच नव्हती.”

पुढं त्यांना ‘हॅलो’ म्हणता आलं नाही. बटण बंद केलं. बाहेर रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली होती. माझे डोळे भरून आले. लग्नाच्या मांडवात जितका आवडला नव्हता, तितका हा माणूस मला त्या वेळी आवडला.

रूपाबाई आत आली. आमच्या बूथच्या आतल्या खोलीत ती पहिल्यांदाच येत होती. कॉम्प्युटरसमोर उभी राहिली.

“ह्योच खेळ?”

“व्हय.”

“काय करायचं ह्यात?”

ह्यांनी दाखवलं. तीन लाल गायब झाले, वरून नवे पडले. ती वाकून, नीट लक्ष देऊन बघत होती.

“जितलं की काय भेटतं?”

“काय न्हाई,” हे म्हणाले. “पुढला डाव.”

तिनं मान हलवली. मग म्हणाली, “एवढ्यासाठी?”

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मावशी, मी तार करतो. उद्या सकाळीच करतो. पोचंल त्याला वर. लेक झाली म्हणून कळंल.”

“करा,” ती म्हणाली. “पण तारेत त्याचं हसणं येतं व्हय, भाऊ?”

तार केली. शिवाय सविस्तर पत्रही टाकलं, मीच लिहिलं. गावातले लोक काही दिवस बोलले, चिडवलं, मग विसरले. भोंग्यावर कबूल करणारा माणूस गावाला रोज थोडाच मिळतो. कॉम्प्युटर चालूच राहिला, पोरांची कामं होत राहिली. पण हे खड्यांना शिवले नाहीत. आता तर डब्यातली तार काढूनही खेळता आलं असतं, कुणाचं काही अडलं नसतं. मीच एकदा म्हटलं, “खेळा की घडीभर.” तर म्हणाले, “इच्छा व्हते. म्हणूनच न्हाई.”

माघात मोहनसिंगचं पत्र आलं. रूपाबाईला वाचता येत नाही, तिला मीच वाचून दाखवलं. तार पोचली, पत्रही पोचलं, लेकीचं नाव काय ठेवलं, असं विचारलं होतं. रूपाबाईनं ऐकलं, पत्र घडी करून कमरेला खोचलं आणि गेली.

जयंती आठवड्यावर आली होती. आम्ही बूथला निळा रंग देत होतो. रविवारच होता. रूपाबाई नातीला कडेवर घेऊन आली होती. फोन येणार असं कुणी कळवलं नव्हतं, पण उन्हाळा लागला म्हणून ती आता परत यायला लागली होती. आणि फोन वाजला.

ह्यांनी उचलला. “हॅलो... व्हय. धर.” एवढंच. रिसिव्हर तिच्याकडे दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आमच्या त्या फोनचा आवाज इतका मोठा की मशीनजवळ बसून मला सगळं ऐकू यायचं. “याडी!” मोहनसिंग ओरडला. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

रूपाबाईनं घसा साफ केला. कडेवर पाच महिन्यांची पोर, तिच्या मुठीत आजीचा पदर. आणि ही बाई फोनमध्ये म्हणते, “मोहन, ऐक. तुला लेक झाली!”

मला वाटलं, आता तो म्हणेल, मला ठाऊक आहे, तार आली होती.

“काय सांगती!” तो ओरडला. “कधी? खरंच, याडी?” आणि हसायला लागला. असा हसला की रिसिव्हर थरथरला. रूपाबाई पण हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि ती पोर आजीच्या तोंडाकडे बघत होती. ते दोघं बराच वेळ नुसतं हसलेच. कामाचं बोलणं झालं ते शेवटी थोडंसं.

तिनं फोन ठेवला. ह्यांच्याजवळ गेली. ह्यांनी मान वर केली नाही.

“हसला,” ती म्हणाली. मग पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, “लावा आता तुमचा खेळ, भाऊ.”

ती पायऱ्या उतरून चालायला लागली. ह्यांनी कॉम्प्युटर लावला नाही. आपली तीनचाकी सायकल बाहेर काढली आणि तिच्या चालीनं, तिच्या बाजूनं हळूहळू चालवत, तांड्याच्या फाट्यापर्यंत तिला सोडायला गेले. फोन मी सांभाळला.