नवसाच्या कोंबड्याची पिसं

उद्या मरीमायचा नवस फेडायचा, आणि नवसाच्या तांबड्या कोंबड्याच्या मानेवरची पिसं आज रुख्मिणीच्या मुठीत! लेक लढाईवरून धड परतावा म्हणून सासूनं, कस्तुराबाईनं, बोललेला कोंबडा. त्याला खोट चालत नाही. पण नवऱ्याचं पडलेलं तोंड रुख्मिणीला बघवेना. पलटणीतल्या साहेबामागं काश्मीरचे ओढे फिरून आलेला इंद्रभान गावभर सांगत सुटला होता, की तिकडं ट्राउट मासा गळाला पिसाची खोटी माशी बांधून धरतात. गाव पोट धरून हसलं होतं.

"आणली?" अडाण नदीच्या काठी त्यानं हळूच विचारलं.

"आणली. आत्याबाईले समजलं तर मले इथंच बुडवतीन."

त्यानं पिसं गळाभोवती रेशमानं आवळली, बुडू नयेत म्हणून बोटभर तूप चोळलं.

"ना गांडूळ, ना पीठ. मासोयी काय येडी हाये?"

"भुकेली हाये. पाह्य, कशा माश्या उडून राह्यल्या."

दिवस कलला होता. हळदुल्या पाण्यावर इवल्या माश्या झिम्मा खेळत होत्या, आणि खालून चुळुक, चुळुक, त्यांना कुणी गिळत होतं. वेळूची काठी हलली. दोर हवेत वळला, लांबला. निजल्या लेकराच्या गालावर आईनं बोट टेकावं, तशी पिसाची माशी पाण्यावर टेकली. वाहत गेली. काही नाही. पुन्हा टाकली. काही नाही. रुख्मिणी दरडीकडं वळून पाहू लागली.

"रुख्मे!" दरडीवरून आरोळी आली. "माह्या कोंबड्याची मान कोनं भादरली वं?"

कोंबडा बगलेत धरून कस्तुराबाई उतरत होती.

"आत्याबाई, मी..."

पाणी फुटलं! चांदीचा पट्टा उसळला, माशी गडप, काठीची कमान झाली.

"लागली! लागली!" इंद्रभान कमरेइतक्या पाण्यात.

"ढील दे लेका, दोर तुटीन!" ओरडली ती कस्तुराबाई. कोंबडा तिच्या हातून सुटून ज्वारीत पसार झाला होता, आणि ती लुगडं खोचून पाण्यात शिरली होती. एकीकडून सासू, दुसरीकडून सून. दोघींनी पदरात हातभर मासोळी कोंडली आणि काठावर आणून टाकली.

मग कस्तुराबाईला कोंबडा आठवला. ती मटकन खाली बसली.

"गेला. आता मायले काय देऊ?"

"पिसं म्याच उपटली," रुख्मिणी म्हणाली. "कोप व्हायचा तं माह्यावर होवो."

सासूनं सुनेकडं पाहिलं, मग तडफडत्या मासोळीकडं. मरीमायचं ठाणं असलेल्या निंबाकडं तोंड करून तिनं ओंजळभर पाणी उचललं. नवसाच्या जनावरावर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झटकलं, की देवीनं घेतलं.

"माय, लेक तुहा, मासोयी तुही. घेतं का सांग."

पाणी पडलं. मासोळी अख्खी उसळली आणि कस्तुराबाईच्या गालावर शेपटी हाणून परत काठावर पडली.

"घेतली वं, घेतली!" ती ओल्या तोंडानं हसत सुटली. "उभा काय राह्यला रे इंद्रभान? हे झाली मायची. उजेड हाये तोवर आपल्याले एक धर!"