गाठीचा तिसरा परीक्षक

श्रीपादसरांनी शाळेच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर कॅलिपर घरी नेला, तेव्हा तिथल्या रजिस्टरात 'कारण' या रकान्यात त्यांनी 'घरगुती' असं लिहिलं. व्हर्नियरचं घरात काय काम, असं कुणी विचारलं नाही. सर भूगोल शिकवायचे, आणि भूगोलाच्या माणसाला आमच्या लातुरात बरंच माफ असतं.

काम असं होतं, की मुलीच्या मानेवर उजव्या बाजूला गाठी आल्या होत्या. उर्वी बारावीला, वय सतरा. लातुरात बारावीला असणं हाच एक आजार मानला जातो. त्यामुळे पहिले दहा दिवस गाठींकडे आणि संध्याकाळच्या तापाकडे कुणी वेगळं लक्ष दिलं नाही. क्लासमधल्या निम्म्या पोरांना ताप असायचाच, टेस्ट असली की उरलेल्यांनाही यायचा.

मग दिवाळी होऊन गेली, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, छातीचा एक्स-रे स्वच्छ आला, आणि ताप तसाच राहिला. सर रोज सकाळी सात वाजता व्हर्नियरनं गाठी मोजायचे आणि वहीत मांडायचे. तारीख, वेळ, मिलिमीटर. वही जुनी होती. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर वर्षभर मागून येणारे धक्के सरांनी तिच्यात नोंदवले होते. तारीख, वेळ, भांडी वाजली की नाही. पुढं धक्के थांबले आणि निम्मी वही कोरी राहिली.

"अहो, दुसरी वही नाही का घरात?" चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"हिच्यात रकाने आखलेले आहेत," सर म्हणाले.

डॉक्टरांनी सगळ्यांत मोठी गाठ काढली, दोन लहान राहू दिल्या. काढलेल्या गाठीची स्लाइड झाली. पहिल्या लॅबनं लिहिलं, बऱ्याच पेशी मेलेल्या दिसतात, नक्की सांगता येत नाही, दुसरं मत घ्यावं.

इथं सरांमधला मॉडरेटर जागा झाला. अठरा वर्षं ते बोर्डाच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासत होते. परीक्षकाला उमेदवाराचं नाव, गाव, शाळा काही कळता कामा नये, यावर त्यांची श्रद्धा होती. सरांनी दोन लॅबना स्लाइड पाठवल्या. फॉर्मवर नावाच्या जागी 'क्रमांक १७' लिहिलं. वय, स्त्री की पुरुष, आजाराची माहिती, या सगळ्या ठिकाणी स्वच्छ आडव्या रेघा मारल्या.

रेघांना उत्तरं आली. एकानं लिहिलं, लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची, शक्यता नाकारता येत नाही. दुसऱ्यानं लिहिलं, टीबी असावा, उपचार सुरू करायला हरकत नाही.

घरचे डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत ठरवा. पुण्याला कॅन्सरच्या डॉक्टरांकडे न्यायचं, की टीबीच्या गोळ्या चालू करायच्या.

चंद्रप्रभाबाईंनी ठरवून टाकलं होतं. गोळ्या आणून देवघराच्या फळीवर ठेवल्या होत्या. "टीबी निदान ओळखीचा तरी आहे. माझ्या मावशीला होता. गोळ्या खाल्ल्या आणि पुढं नातवंडांची लग्नं लावली तिनं."

"आणि मला तो नसला तर?" उर्वीनं विचारलं.

"नसला तर गोळ्यांनी काय होणारेय?"

"लिव्हर," उर्वी म्हणाली. तो धडा तिचा झाला होता.

सर कुणाच्याच बाजूनं बोलले नाहीत. बोर्डाच्या नियमाप्रमाणे दोन परीक्षकांत फार तफावत पडली की पेपर तिसऱ्याकडे जातो. तिसरा परीक्षक नांदेडला होता. डॉक्टर दानम्मा, सत्तरीच्या, मूळच्या देगलूरकडच्या. चाळीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या गाठी बघत आल्या होत्या. सरांनी स्लाइड चष्म्याच्या घरात ठेवल्या, गाठीचा मेणातला ठोकळा कंपासपेटीत ठेवला, आणि शनिवारी निघाले.

निघाले ते शेषेरावांच्या जीपमधून. शेषेराव चाकूरकडचे शेतकरी. त्यांची शिल्पा सरांच्या वरच्या खोलीत राहून क्लास करायची, म्हणून दर आठवड्याला त्यांची फेरी असायची.

"सर, पोरीला कशाला आणलाव? काचा तर तुमच्याजवळच हायत," शेषेराव अहमदपूरच्या अलीकडं म्हणाले.

"लागली तर असावी."

"हाव. स्टेपनीसारखी," मागून उर्वी म्हणाली.

नांदेडला लॅबच्या व्हरांड्यात एक बाक होता. सरांनी उर्वीला आणि शेषेरावांना त्यावर बसवलं आणि एकटेच आत गेले.

दानम्माबाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड सरकवली. मग डोळा न काढता विचारलं, "वय काय?"

"ते मुद्दाम लिहिलेलं नाही."

"का बरं?"

"मत निःपक्ष असावं म्हणून. मी बोर्डाचा मॉडरेटर आहे, अठरा वर्षं."

"बाई की पुरुष?"

"तेही तसंच."

"ताप होता का? किती दिवस?"

सरांनी हवेत बोटानं आडवी रेघ मारली. दानम्माबाईंनी डोळा काढला, चष्मा लावला आणि त्यांच्याकडं पाहिलं.

"सर, तुमच्याकडं उत्तरपत्रिका येतात, तेव्हा सोबत प्रश्नपत्रिका येते का?"

"येते ना. तिच्याशिवाय कसं तपासणार?"

हे बोलून झाल्यावर ते वाक्य सरांच्या स्वतःच्या कानावर पडलं. त्यांनी चष्म्याचं रिकामं घर उघडून पाहिलं आणि मिटलं.

"पेशंट कुठं आहे?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे लातूरला?"

"बाकावर."

"तुम्ही पेशंटचं नाव लपवायला निघालात आणि पेशंटच लपवलात," दानम्माबाई म्हणाल्या. "आत बोलवा."

उर्वी आली. तिनं स्वतःच सगळं सांगितलं. ताप सहा आठवडे, संध्याकाळी चढणारा. वजन दोन किलो कमी. खोकला नाही. बाईंनी मान चाचपली.

"दुखतात का?"

"दाबल्या की. रोज सकाळी सातला बाबा मोजतात, तेव्हा."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

दानम्माबाई पुन्हा स्लाइडकडं वळल्या. या वेळी त्यांनी एकेक कोपरा सावकाश पाहिला, आणि खुर्ची मागं सरकवून उर्वीला म्हणाल्या, "ये, तूच बघ. लातूरची बारावी म्हणजे डॉक्टरच व्हायचंय ना? हा सगळा चुरा दिसतोय, तो मेलेल्या पेशींचा. आणि त्याच्या भोवती जमल्यात, त्या चुरा उचलणाऱ्या पेशी. टीबीची ठेवण वेगळी असते, ती इथं नाही. कॅन्सरमध्ये एकाच जातीची गर्दी माजते, तीही नाही. इथं पडझड झालीय, आणि ढिगारा उचलणं चालू आहे."

"म्हणजे काय झालंय?" सरांचा आवाज जरा बारीक आला होता.

"याला किकुची म्हणतात. मुलांना, मोठ्यांनाही होतो. तुमच्या मुलीसारख्या तरुण मुलींत, बायकांत जास्त. क्वचित दिसतो, म्हणून चटकन सुचत नाही. नुसत्या काचेवर मीही बिचकले असते, त्या दोघांना बोल लावू नका. ठोकळा ठेवून जा. आणखी दोन तपासण्या करते आणि बुधवारी पक्कं सांगते. रक्ताचीही एक तपासणी करा, ल्युपस नावाचा आजार कधीकधी याच्या मागं असतो. तोवर ना पुणे, ना टीबीच्या गोळ्या."

"आणि औषध?"

"ताप आला तर तापाची गोळी. बाकी थांबायचं. महिना, दोन महिने, फार तर चार."

"थांबायचं म्हणजे काय करायचं?"

लातूरच्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिक होतं. तिथं रिकाम्या तासालाही कुणीतरी बॅच लावतं.

"काही नाही करायचं," दानम्माबाई म्हणाल्या. "जमेल का?"

परतीच्या वाटेवर लोहा मागं पडलं. शेषेरावांनी आरशातून उर्वीला विचारलं, "काय रोग म्हणल्या बाई?"

"किकुची. जपानी डॉक्टरचं नाव आहे, काका."

"मंग काळजी न्हाई. भूकंपाला सवकलेले लोक हायत ते."

सर हसले. गेल्या सहा आठवड्यांत ते पहिल्यांदाच हसत होते. मग मागं वळून म्हणाले, "रेघा मारायला नको होत्या मी."

"बाबा, रेघा सरळ होत्या पण," उर्वी म्हणाली.

बुधवारी फोन आला, किकुचीच. रक्त स्वच्छ निघालं. चंद्रप्रभाबाईंनी फळीवरच्या गोळ्या दुकानात परत नेऊन दिल्या आणि दुकानदाराला सांगितलं, की मुलीला जपानचा आजार आहे. आपल्या घरात असं काही पहिल्यांदाच आल्याचा किंचित अभिमान त्यांच्या बोलण्यात होता.

वहीत चौदा मिलिमीटर आले, पुन्हा चौदा आले, एकदा पंधरा आले. त्या दिवशी सरांनी शाळेत नद्यांऐवजी वारे शिकवले. मग बारा आले, नऊ आले. ताप संक्रांतीच्या आधी गेला. क्लासच्या बोर्डावर उर्वीचा नंबर एकशेचाळीसनं घसरला होता, तो तसाच राहिला. घरात त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी, पहिल्या पेपरच्या आदल्या सकाळी, कॅलिपरच्या जबड्यांत धरायला काही सापडेना. सरांनी दोनदा चाचपून पाहिलं.

"शून्य लिहू?"

"शून्य नका लिहू, बाबा. या व्हर्नियरला शून्यत्रुटी आहे, काही धरलं नसतानाही आकडा दाखवतो. प्रॅक्टिकलला मार्क कापतात."

"मग काय लिहू?"

"तुम्ही मॉडरेटर. तुम्हीच ठरवा." ती पोहे खायला निघून गेली.

सरांनी वहीची जुनी पानं मागं उलटली. चौऱ्याण्णवच्या शेवटच्या नोंदीपाशी थांबले. तिथं काय लिहिलं होतं ते वाचलं, आणि आजची तारीख घालून तेच पुन्हा लिहिलं. भांडी वाजली नाहीत.

कॅलिपर त्याच दिवशी प्रयोगशाळेत परत गेला. वही त्यांनी ठेवून घेतली. आजार कधीकधी उलटतो, असं दानम्माबाई फोनवर म्हणाल्या होत्या, आणि रकाने अजून शिल्लक होते.