उलटी चिठ्ठी

सोलापुरात बर्फ बघायचा तर रसवंतीत जावं, नाहीतर मासळी बाजारात. तरीपण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, महेश्वरशेठच्या टॉवेल कारखान्यात तपासणीला बसणारी अंकिता बर्फावरच्या फिगर स्केटिंगची अशी भक्त, की तिच्यापुढं बोलायची सोय नव्हती. बाई मूळची वैरागची. बर्फावर कधी पाय ठेवला नाही, पुढं ठेवेल असंही वाटत नाही. पण मोबाइलवर व्हिडिओ थांबवत थांबवत ती सांगायची, ही उडी पुरी फिरली, ही पाव फेरी कमी पडली. दिवसाला शेकडो टॉवेल उलगडून सुटलेला धागा हुडकणारी ती, तिच्या नजरेतून स्केटचं पातं काय सुटणार होतं?

या खेळाच्या शौकिनांचा फोनवर एक ग्रुप होता. माणसं दीडशे, भांडणं हजारभर माणसांना पुरतील एवढी. त्या आठवड्यात तिथं एकच विषय पेटला होता. इल्झे नावाची छोट्याशा देशातली नवखी पोरगी सगळ्या उड्या चोख मारून दुसरी आली, आणि दोन वेळची विजेती वेरा बर्फावर हात टेकूनही पहिली. उड्यांच्या गुणांबद्दल अंकिताची तक्रार नव्हती, त्यात कॅमेरा असतो. मेख होती सादरीकरणाच्या गुणांत. ते जज आपल्या मनानं देतात, आणि वेराला त्यांनी ते ओंजळीनं दिले होते. अंकिताचं डोकंच फिरलं. नाव बघून गुण देतात मेले, असं तिनं ग्रुपवर ठणकावलं, दोघींचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावून दाखवले, आणि थेट जागतिक संघटनेला अर्ज लिहायला घेतला. मागणी एकच, बर्फावर कोण उतरलंय ते जजला कळता कामा नये. लोक हसले. मग काय पोरींनी डोक्यावर पोतं घालून उड्या मारायच्या का, असं एकानं विचारलं. अंकिता हटली नाही. अर्ज तिनं तीनदा लिहून काढला.

कारखान्यात तिच्याशी या विषयावर भांडायला एकच माणूस होतं, धम्मप्रिया. शिलाई मशीनवर टॉवेलच्या कडा मारायची ती. स्केटिंगचं वेड तिला अंकितानंच लावलेलं, आणि ही बया निघाली नेमकी वेराच्या बाजूची. नाव काय फुकट होतं का, त्यामागं वर्षानुवर्षांची मेहनत असते, असं तिचं म्हणणं. डब्याच्या सुट्टीत दोघींची रोज जुंपायची.

त्यातच शेठनं नवा माग आणला. विणकर दोन, जालिंदरमामा आणि दिपक. दोघांचेही जुने माग भंगारात जाणार होते. शनिवारपर्यंत ज्याच्या मालात खोट कमी, त्याला नवा माग. दुसऱ्यानं गोदामात गठ्ठे उचलायचे. आणि खोट ठरवणार अंकिता. मामांची या कारखान्यात तीस वर्षं झालेली, अंकिताला इथं चिकटवलं तेही त्यांनीच. दिपक आठ महिन्यांचा नवखा, धम्मप्रियाचा धाकटा भाऊ. बुधवारपर्यंत दिपकचे एकोणीस टॉवेल खोटे निघाले होते, मामांचे तीन.

गुरुवारी अंकितानं अर्ज धम्मप्रियाला वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, भाकरीचा घास संपवला, डब्याचं झाकण लावलं आणि मग बोलली.

"बर्फावर तोंड झाकता येत न्हाय, खरं हाय. तुझ्या टेबलावर येतंय की."

टेबलावर येणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्याला विणकराच्या नावाची चिठ्ठी असायची, सगळ्यात वर, ठळक. अंकिताला ते असं झोंबलं की विचारू नका. मी काय नाव बघून माल बाद करते का, असं ती तोंडावर म्हणाली. धम्मप्रियानं भावासाठी एक शब्द टाकला नाही, मशीनवर जाऊन बसली.

आता हिला दाखवतेच, म्हणून अंकिता तणतणत टेबलाशी आली. घड्या घालणाऱ्या बजाबाईला तिनं सगळ्या चिठ्ठ्या उलट्या लावायला आणि गठ्ठे मिसळायला सांगितलं. पहिला गठ्ठा पुढं ओढला आणि तिचा हात जागीच थांबला. काय करायचं ते हाताला कळेना. रोज चिठ्ठी बघितली की हात आपणच ठरवायचा: मामांचा गठ्ठा असला की नुसते काठ चाळायचे, दिपकचा असला की एकेक टॉवेल ट्यूबलाइटसमोर ताणून धरायचा. हे तिला आज, हात थांबल्यावर कळलं. अंगातला सगळा ताव उतरला तिचा.

मग तिनं प्रत्येक टॉवेल उलगडला. संध्याकाळी चिठ्ठ्या पालटल्या. दिपकचे दोन खोटे, मामांचे अकरा. मामांच्या अकराही टॉवेलांत खोट एकाच जागी होती, रंगीत पट्टीजवळ, जिथं बारीक रंगीत धागा सुटलेला चटकन दिसत नाही. अंकिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बजाबाई हळूच म्हणाली, म्हातारा माणूस आहे, तूच चिकटलीस त्यांच्या शब्दावर, राहू दे. अंकितानं आकडे वहीत लिहिले. वर शेठकडं जाऊन तीन दिवसांचा बांधलेला माल परत सोडायला लावला. ट्रक भरायचाय, असं शेठ कुरकुरले. मग माग कुणाला द्यायचा ते मला विचारू नका, असं म्हणून ती तिथंच उभी राहिली. माल सुटला. शुक्रवार अख्खा त्यातच गेला, आणि त्या तीन दिवसांतही खोट मामांच्याच मालात जास्त निघाली.

घरी जायच्या आधी तिनं अर्जाच्या डोक्यावर एक ओळ वाढवली, मी स्वतः टेबलावर बसून हेच केलंय म्हणून सांगते, आणि तो पाठवून दिला. खाली पहिली सही धम्मप्रियाची. वेराच पहिली, हे तिचं म्हणणं तरी कायम होतं.

शनिवारी नवा माग दिपकला मिळाला. दुपारी जालिंदरमामा टेबलाशी आले. अंकिताला वाटलं, आता आपल्याला बोल लावतील, आणि लावावेतच. ते चिडलेले नव्हते. कुठं चुकलं तेवढं दाखव म्हणाले. तिनं टॉवेल ट्यूबलाइटखाली पसरला. मामा वाकले, चष्मा वर केला, खाली केला. खोट त्यांच्या नाकासमोर होती आणि ते दुसरीकडंच बघत होते. शेवटी बोटं फिरवत फिरवत त्या जागेवर आले, तेव्हा थांबले.

"कवापासनं गं हे, अंके?"

याच आठवड्यात, असं सांगता आलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं.

"ठाऊक न्हाय, मामा. सहा महिनं झालं, तुमचा गठ्ठा मी उलगडून बघितलाच न्हाय. तुमचा म्हणून."

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. टॉवेलची घडी त्यांनीच घातली, काठाला काठ लावून.

"बघितलं असतंस पोरी, तर डोळं तरी दाखवलं असतं मी."

अंकिताला रडू फुटलं. तिनं डोळे पुसले नाहीत. सोमवारी सकाळी तयार राहा, डोळ्यांच्या दवाखान्यात मी घेऊन जाणार, असं तिनं सांगितलं. मामा नको म्हणाले. तिनं दुसऱ्यांदा तेच सांगितलं आणि अर्ध्या दिवसाची रजा मागायला शेठच्या खोलीकडं निघाली.