जुनी चिठ्ठी, नवा नंबर

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि सध्या आदिलाबादच्या एका दवाखान्याच्या अडगळीच्या खोलीत कुलूपबंद पडलो आहे. कुलपाची मला सवय आहे म्हणा. उमेदीच्या काळातही मला साखळीने नोंदणीच्या टेबलाला जखडले होते, कोणी उचलून नेऊ नये म्हणून. समोर लोखंडी जाळी आणि जाळीत हात जाईल एवढी खिडकी. जग मी तेवढ्यातूनच पाहिले.

मी खोक्यातून बाहेर आलो तेव्हा माझा काय थाट होता! हार घातला, नारळ फोडला. नारळाचे पाणी कळफलकावर उडाले आणि तेव्हापासून माझे एक बटण चिकटते ते चिकटतेच. कापसाच्या दिवसांत हवेतले तंतू माझ्या पंख्यात अडकायचे आणि मला धाप लागायची. पण खिडकीवरचा कारकून, खुशाल त्याचे नाव, फुंकर मारायचा, फडक्याने पुसायचा आणि आम्ही पुन्हा कामाला लागायचो.

काम सोपे होते. येणाऱ्याचे नाव-गाव खुशाल टिपायचा आणि मी नंबराची चिठ्ठी द्यायचो. मग तो नंबर डॉक्टरांकडे कधी गेला, तपासणीला रक्त कधी दिले, बाहेर कधी पडला, हे सारे मी लक्षात ठेवायचो. माझ्या लेखी माणूस म्हणजे नंबर.

बेला गावची राहीबाई नेहमी यायची. ती वांगी-मेथी पिकवणारी, तोंडाने फटकळ. तिची सून रंजीता गरोदर होती आणि तिच्या अंगात रक्त कमी होते. सकाळी तपासणीला रक्त द्यायचे, दुपारी रिपोर्ट आला की दुपारच्या खिडकीवर चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना दाखवायचा, औषध घ्यायचे आणि जीप गाठायची, असा त्यांचा शिरस्ता होता.

एक दिवस आदिलाबादचीच अदिती आली. ती कॉलेजात संशोधन करायची. तिच्या विद्येचे नाव प्रोसेस मायनिंग. नाव जड आहे, पण गोष्ट सोपी आहे, मित्रांनो. पावलांचे ठसे पाहून वाट ओळखायची, तसे माझ्या नोंदी पाहून दवाखान्याचे काम कसे चालते त्याचा नकाशा काढायचा. मग नकाशा खरा की खोटा याची परीक्षा घ्यायची. गुरुजी शिकवलेलीच गणिते परीक्षेत घालत नाहीत ना? तशा अदितीने अर्ध्या नोंदी शिकायला घेतल्या आणि अर्ध्या परीक्षेसाठी बाजूला ठेवल्या. पोरगी प्रामाणिक होती.

नकाशाची त्या बाजूच्या नोंदींशी जुळणी शंभरात अठ्ठ्याण्णव आली! व्यवस्थापक व्यंकटराव टाळ्या वाजवून म्हणाले, "वा! कोनी परत येतच नाई. समदे एकाच फेरीत मोकळे. मंग परत येनाऱ्यायसाठी दुपारची खिडकी कायले चालवून राह्यलो आपन?"

मी आतून ओरडत होतो. खिडकीबाहेर काय चालते ते मी रोज पाहत होतो. पण मला तोंड कुठले? जेवढे विचारले जाते तेवढेच मी सांगू शकतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दुपारची खिडकी बंद झाली. राहीबाईला कोण कळवणार? ती सुनेला घेऊन आली, रक्त दिले आणि दुपारी बंद खिडकीपुढे बसून राहिली. जीप निघायची वेळ झाली तशा दोघी बिनऔषधाच्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. खुशालने बटण दाबले आणि मी निमूटपणे नवा नंबर दिला. कागदावर आणखी एक रोगी एका फेरीत मोकळा झाला! माणसे हेलपाटे घालत होती आणि नकाशाची जुळणी चढत होती. मला माझीच किळस आली.

काही दिवसांनी अदिती नव्या नोंदी घ्यायला आली. तेव्हा बंद खिडकीखाली रंजीता भोवळ येऊन पडलेली होती. अदितीने धावत जाऊन तिला सावरले, पाणी पाजले. तेवढ्यात तिचे लक्ष राहीबाईच्या हाताकडे गेले. ती सकाळची चिठ्ठी फाडून जाळीच्या फटीत कोंबत होती.

"मावशी, काऊन फाडली?"

"जुनी चिठ्ठी घरी नेली का दुखनं बी संगं येते, माय. आमी समदे इथंच फाडतो. परत आलो का नवी घेतो."

अदिती जाळीकडे पाहतच राहिली. फटीफटींत कपटे होते. तोच माणूस, दर वेळी नवा नंबर! आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

त्या दिवशी तिने नंबर सोडून दिले. नाव आणि गाव जुळवून माणसे पुन्हा जोडली. नकाशा तोच ठेवून पुन्हा परीक्षा घेतली आणि जुळणी निम्म्यावर कोसळली. या नकाशावरचा तिचा शोधलेख तर छापायला स्वीकारला गेला होता. तीही अडकली होती, माझ्यासारखीच. मग उठली आणि व्यंकटरावांकडे गेली.

"काका, माझा आकडा चुकला."

"अवं, अठ्ठ्याण्णव आलते ना?"

"ते नंबरायचे होते, काका. माणसायचे नव्हते. लेख मी परत घेते. तुमी खिडकी उघडा."

व्यंकटराव कुरकुरले, पण रंजीताला त्यांनी पाहिले होते. खिडकी उघडली. रंजीताला त्याच दुपारी औषध मिळाले.

माझ्या जागी नवा संगणक आला. तो चिठ्ठी देण्याआधी नाव-गाव पाहून माणूस ओळखतो. मला इथे आणून ठेवले. माझ्या पंख्यावर आता कोणी फुंकर मारत नाही. कळफलकाच्या फटीत, जाळीतून पडलेला, राहीबाईच्या चिठ्ठीचा एक कपटा मात्र राहिला आहे.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची निगा राखा, धूळ पुसा. पण आम्ही चांगला आकडा दिला म्हणून लगेच पाठ थोपटू नका. आधी खिडकीबाहेर एकदा डोकावून पाहा. आम्हाला तिथे जाता येत नाही.

रोज दुपारी भिंतीपलीकडून खुशालची हाक येते. पूर्वी तो नंबर पुकारायचा. काल त्याने हाक दिली, "रंजीता, बेला! बाळाले घेऊन या!"