उजव्या कपाळावरची गोळी

योरिस त्या दुपारी कशावर बोलणार होता माहितीये? ‘काहीही लपवू नका’ यावर! मेंदूवरचं संशोधन असं करा की दुसऱ्या कुणी पुन्हा केलं तरी तेच निघालं पाहिजे, वगैरे वगैरे. नेदरलँड्समधल्या ख्रोनिंगेन विद्यापीठातला आमचा अख्खा विभाग चीजची सँडविचं चावत, ताक पीत माना डोलावत होता. माझं सँडविच तसंच पडून होतं.

खाणार कशी? टोमणा ऐकला की मेंदूची डावी बाजू पेटते, हा माझ्या मार्गदर्शकाचा, प्रोफेसर योरिसचा, नावाजलेला शोध, आणि त्यावरच माझी पीएचडी. मी प्रयोग केला तर पेटली उजवी. माणसं बदलून परत केला, परत उजवीच. तर हा म्हणतो, “हिल्के, तुझ्या हाताला यश नाही गं.” याच्या प्रयोगाची मूळ माहिती मागितली, तर आज देतो, उद्या देतो. शुक्रवारी माझी पीएचडी चालू ठेवायची की बंद करायची ते ठरणार होतं, आणि बंद करा असं यानंच लिहून दिलेलं. वर हा मनुष्य माइक हातात घेऊन मोकळेपणाचे धडे देतो! लाज कशी वाटत नाही?

मग त्यानं पडद्यावर त्याच जुन्या प्रयोगातलं एक चित्र लावलं. छापलेल्या लेखात नुसता मेंदू होता, कवटी कातरून टाकलेली. इथे अख्खं डोकं होतं. दोन्ही बाजूंना ‘डावी’, ‘उजवी’ असं लिहिलेलं, डावीकडे लाल डाग, आणि त्याच बाजूला कपाळावर एक पांढरा ठिपका. मी हात वर केला.

“योरिस, तो ठिपका कसला रे?”

“माशाच्या तेलाची गोळी,” तो हसत म्हणाला. “नव्या मुलांसाठी सांगतो. यंत्रात झोपवण्याआधी आपण प्रत्येकाच्या उजव्या कपाळावर ती चिकटवतो. चित्रात डावं-उजवं उलटं झालं तर कळावं म्हणून.”

“मग तुझी गोळी ‘डावी’कडे काय करतेय?”

सगळ्यांचं चावणं थांबलं. योरिसनं वळून पडद्याकडे पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले. आणि मग, काय सांगू, त्यानं चक्क टाळी वाजवली!

“वा! बघितलंत? मोकळेपणा म्हणतो तो हाच! आपण सगळ्यांनी मिळून चूक शोधली. हिल्के, आपण दोघं दुरुस्ती छापू.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला! माझं डोकंच फिरलं.

“आपण?” मी उभी राहिले. “माझं चुकतंय म्हणत होतास तेव्हा मी एकटी होते. आता हे ‘आपण’ कुठून उपटलं?”

“हिल्के, हे कॉफी घेताना बोलूया का—”

“कॉफी गेली खड्ड्यात! इथेच सांग. चूक कुणाची होती?”

पहिल्या रांगेत विभागप्रमुख माखतेल्ड बसली होती. शुक्रवारी सही तिचीच होणार होती. तिनं हातातलं सँडविच खाली ठेवलं आणि म्हणाली, “सांग ना योरिस. मलाही ऐकायचंय.”

योरिसनं माइक बाजूला केला आणि मान खाली घातली.

“माझी,” तो पुटपुटला. “हिल्केचं बरोबर होतं. उजवीच बाजू पेटते.”

“माइकमध्ये बोल,” मी म्हणाले. “माखतेल्डला ऐकू जाऊ दे.”